चार फूट कमी पडणारी वायर

आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, वायर 25 फुटी असली की कॅम्पग्राउंडवरचं पेडेस्टल (वीज देणारा सॉकेटचा खांब) 29 फुटांवर असतं. 30 फुटी घ्या, तेच पेडेस्टल 34 फुटांवर जातं. का, ते मला विचारू नका. पहिला उपाय फुकट आहे: गाडी चार फूट मागे घ्यायची. पण चाकांपुढे ठोकळे लावून, खुर्च्या मांडून, चहा ओतून झाल्यावर "गाडी हलवू या" म्हणणाऱ्याची जी शोभा होते, ती बघता लोक एक्स्टेन्शनच्या मागे लागतात.

मग खालच्या कप्प्यातून कुणीतरी घरची नारिंगी वायर काढतं. "अहो, हिलाही तीनच पिना आहेत की!" आहेत. त्या आरव्हीच्या 30 अँपिअरच्या प्लगला बसत नाहीत, पण अमेरिकेत कशालाही कसलाही अडॅप्टर मिळतो आणि खरी पंचाईत तिथेच आहे. ती वायर बहुधा 16 गेजची, 13 अँपिअरची. गेजचं गणित उलटं, आकडा मोठा तेवढी तार बारीक. 30 अँपिअरला तांब्याची 10 गेज लागते. पेडेस्टलचा ब्रेकर 30चा. पुढे 13ची वायर जोडलीय हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. वायर वितळायला लागली तरी तो ढिम्म.

50 फुटी 16 गेजच्या वायरीत जाऊन-येऊन 100 फूट तार, रोध सुमारे 0.4 ओहम. एसीने 15 अँपिअर खेचले की 6 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि 90 वॉटची शेगडी गवतात पेटते. त्यात उरलेली वायर सुबक गुंडाळून ठेवायची आपली शिस्त! उष्णतेला बाहेर पडायला जागाच नाही, गुंडाळीतलं इन्सुलेशन आतून मऊ होत जातं. पूर्ण उलगडा. पसारा दिसला तर दिसू दे.

भारतात 230 व्होल्टवर वाढलेल्यांना हे पटत नाही. मांडवात याहून बारीक वायरीवर रोषणाई झगमगताना पाहिलेली असते. पण 120 व्होल्टवर तेवढ्याच वॉटला जवळपास दुप्पट करंट लागतो, आणि त्याच तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास चौपट.

तेव्हा 10 गेजची, दोन्ही टोकांना टीटी-30 (आरव्हीचा 30 अँपिअरचा तीन पिनांचा जोड) असलेली एकच लांब वायर घ्यावी. दोन आखूड वायरी जोडल्या की एक सांधा वाढतो, आणि जळतो तो बहुतेक वेळा सांधाच. आधी ब्रेकर बंद. मग गाडीकडची जोडणी, पेडेस्टल शेवटी, आणि त्यानंतर ब्रेकर चालू. प्लग तळाला टेकेपर्यंत दाबायचा. अर्धवट बसलेल्या प्लगची पितळी पाती आधी तपकिरी होते, मग आजूबाजूचं प्लास्टिक कढतं. सांधा जमिनीपासून वर, झाकणाच्या डबीत. एसी अर्धा तास चालला की प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा, नंतर चर्चा करा.

50 अँपिअरवाल्यांची तऱ्हा वेगळी: चार पिना, 120 व्होल्टच्या दोन फेज, 6 गेजची वायर. कप्प्यात तिला कोंबणं म्हणजे जाग्या अजगराला पिशवीत भरणं. इथे सांध्यात न्यूट्रल सुटला तर 240 व्होल्ट दोन्ही बाजूंना हवे तसे वाटले जातात. टीव्हीच्या वाट्याला 180 आले की त्याचा निरोप समारंभच. पेडेस्टलपाशी सर्ज प्रोटेक्टर (जादा व्होल्टेज अडवणारं यंत्र), तोही न्यूट्रल तुटल्यावर पुरवठा तोडणारा, ही चैन समजू नका.

घरी आरव्हीसाठी सॉकेट बसवून घेणाऱ्यांना एकच विनवणी. 30 अँपिअरचं तीन छिद्रांचं सॉकेट दिसलं की कधीकधी इलेक्ट्रिशियन ते कपडे वाळवायच्या ड्रायरचं समजून 240 व्होल्ट देऊन मोकळा होतो. तो कितीही "काळजी करू नका" म्हणाला तरी गाडी लावण्याआधी मीटर लावा. 120 दिसायला हवेत.

एवढं सगळं करूनही अँपिअर वाढत नाहीत, फक्त वायर वाढते. एसीचे 14, पाणी तापवण्याचे 12, मायक्रोवेव्हचे 13. बेरीज 30च्या पुढे गेली की ब्रेकर पडणारच, आणि पडलेला ब्रेकर वर करायला 34 फूट चालत जावं लागतं. तेव्हा पोळ्या गरम हव्यात की आंघोळीचं पाणी, हे एसी लावायच्या आधीच घरात ठरवून घ्या.