छप्पर गळतंय म्हणून

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. म्हणजे काळ्या दगडाचा सभामंडप पाडून तिथे आरसीसीचा हॉल उभा करायचा, खाली ग्रॅनाइट. भावकीच्या ग्रुपवर मी लिहिलं, पाडू नका, दुरुस्त करा. थोरल्या चुलतभावाचं लगेच उत्तर आलं: "सप्ताहात बायाबापड्या छत्र्या धरून कीर्तन ऐकतात. तुला सफोकमध्ये बसून बोलायला काय जातं?"

छत्र्यांचं वाचून मला राहवेना. इथे पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात माझ्या घराजवळ ब्लाइदबर्गचं चर्च आहे. एकोणिसाव्या शतकात तिथेही छप्पर इतकं गळायचं, की लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत. १८८१ मध्ये धोकादायक म्हणून ते बंदच करावं लागलं. आज ते उभं आहे, जुन्याच छपरासकट. साउथवोल्ड गावाला जाताना ए-ट्वेल्व्ह महामार्गावरूनच दिसतं, ब्लाइद नदीच्या दलदलीवर एकटं.

दादा, ते आतून एकदा पाहा. पंधराव्या शतकातलं बांधकाम. सफोकमध्ये बांधायला धड दगड नाही, म्हणून चकमकीचे गोटे फोडून चुन्यात बसवलेत, घडीव दगड बाहेरून आणलेला. वर दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्यांच्या रांगा. रंगीत काच बहुतेक गेली, त्यामुळे आत सगळा पांढरा उजेड. आणि छताच्या मध्यावर पाठीला पाठ लावून, पंख पसरलेले लाकडी देवदूत. बारा उरलेत. लाल-हिरवा मूळ रंग अजून पुसट दिसतो, त्यावर कुणी ऑइलपेंट फासला नाही. १५७७ च्या वादळात मनोऱ्याचं टोक छपरातून आत कोसळलं, माणसं मेली. १६४४ मध्ये डाउझिंग नावाच्या कट्टर प्युरिटननं, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या पंथातल्या माणसानं, देवदूत उतरवायचा हुकूम दिला. पंखांत रुतलेले बंदुकीचे छरे त्याच्याच लोकांचे, असं पुष्कळ वर्षं सांगत. ते निघाले अठराव्या शतकातले, छतात शिरलेल्या कावळ्यांवर झाडलेले. एवढं सोसून देवदूत वर आहेत.

चर्च बंद पडलं तेव्हा लेखक-कलाकार विल्यम मॉरिसच्या, जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेनं त्यात लक्ष घातलं. १८७७ मध्ये त्यानं ती काढली ती याच एका म्हणण्यासाठी: जुनं नव्यासारखं करू नका, रोजची डागडुजी करा. स्थानिक समितीशी त्यांचं चांगलंच वाजलं. पैसा नव्हता, काम रेंगाळलं. माझ्या मते रेंगाळलं म्हणूनच ते वाचलं. आजही इथे चर्चमधलं एखादं बाक काढायचं तर डायोसिसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताची, परवानगी लागते. आपल्याकडे एका बैठकीत मंडप पाडायचं ठरतं, याचा मला संताप येतो. मंडपाच्या दरजा सिमेंटनं भरल्या तेव्हापासून गळती वाढली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं. ते खरवडून चुना भरा, एवढंच म्हणतोय.

यावर दादानं लिहिलं, "तुमची चर्चं रिकामी आहेत, म्हणून जपता येतात. आमचं देऊळ भरलेलं असतं."

याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी मोजकी म्हातारी माणसं असतात. मी ख्रिस्ती नाही, तरी दर नोव्हेंबरला शिडीवर चढून तिथल्या पन्हळीतला पाला काढतो. कुठल्या कोपऱ्यात पाणी मुरतं ते मला पाठ आहे. आपल्या मंडपात मी अकरा वर्षांपूर्वी शेवटचा बसलो. तो कुठे गळतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि पाडू नका म्हणताना मी ते विचारलंही नव्हतं.

काल विचारलं. दादानं रात्री व्हिडिओ पाठवला. गाभाऱ्याच्या उजवीकडचा दुसरा खांब, त्यावरून धार लागलेली. आजोबा त्याच खांबाला टेकून पखवाजाला कणीक लावायचे. तिथे आता बादली ठेवलीय.