लीक नाही तरी मेमरी फुगते, आणि उपाय काय तर रोज रात्री रिस्टार्ट!

सव्वानऊला बाजार उघडतो, ऑर्डरींचा लोंढा येतो, सर्व्हरची मेमरी भसकन वर जाते आणि साडेतीनला बाजार बंद झाला तरी तिथेच चिकटून बसते. मुंबईत ट्रेडिंगचे सी भाषेतले सर्व्हर सांभाळणाऱ्यांना उपाय विचारा, उत्तर ठरलेलं: "क्रॉनमध्ये रिस्टार्ट टाक ना." म्हणजे ठरल्या वेळी आपोआप रिस्टार्ट. अरे, हा काय उपाय झाला? डोकं फिरतं अक्षरशः!

लीक, म्हणजे घेऊन हरवलेली मेमरी, शोधणारं व्हॅलग्राइंड लावतात, 'डेफिनेटली लॉस्ट' शून्य येतं, मग खापर लिनक्सवर. कोड बघायची तसदी कोण घेणार? एक ऑर्डर आली की मेसेजला मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन), प्रत्येक फील्डला स्ट्रडप (मेमरी घेऊन मजकुराची प्रत काढणारं फंक्शन), उत्तराच्या बफरला मॅलॉक, लॉगच्या ओळीला आणखी एक. आणि त्याच गर्दीत मधोमध क्लायंट कोडची स्ट्रडप, जी सेशन संपेपर्यंत, म्हणजे दिवसभर जगणार!

64-बिट जीलिबसीत (लिनक्सवरची सी लायब्ररी, मॅलॉक तिचंच) 1 बाइट मागितला तरी 32 जातात, 41 मागितले तर 64. ते एक वेळ सोडा. खरी बोंब ही, की फ्री केल्यावर, म्हणजे मेमरी परत दिल्यावर, ब्रेक या सिस्टीम कॉलने वाढवलेली हीप (मॅलॉक जिच्यातून वाटतं ती मेमरी) आपणहून आकसते ती फक्त टोकाकडून. टोकाशी 32 बाइटची एक स्ट्रडप ठाण मांडून बसली की खालचे शेकडो एमबी रिकामे असूनही कर्नलकडे परत जात नाहीत. मॅलॉक ट्रिम हाताने बोलावलं तर मधली पूर्ण रिकामी पानं सुटतात, पण 4 केबीच्या पानापानात एकेक स्ट्रडप अडकली असेल तर ते तरी काय सोडणार?

त्यात थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं. त्यांच्यासाठी जीलिबसी कोअरच्या आठपट अरीना (वेगवेगळ्या हीप) उघडू शकते. 16 कोअरच्या मशीनवर 128, आणि प्रत्येकात वेगळी भोकं. मॅलॉक अरीना मॅक्स ही सेटिंग 2 केली की मेमरी कमी दिसते, पण लॉकसाठी थ्रेड एकमेकांच्या उरावर बसतात. मग "सर्व्हर स्लो झाला" म्हणून पुन्हा बोंबाबोंब.

हे सगळं टळतं हो! रिक्वेस्टला एक पूल, म्हणजे मेमरीचा स्वतःचा साठा, द्या. 16 केबीचा ब्लॉक घ्या, पॉइंटर 16 बाइटच्या अलाइनमेंटने पुढे सरकवत वाटत जा, उत्तर गेलं की पॉइंटर परत सुरुवातीला. फ्री एकही नाही. ब्लॉकमध्ये न मावणाऱ्या मोठ्या मागणीला वेगळा मॅलॉक, पण तो पूलच्या यादीत नोंदवून, म्हणजे रीसेटला सुटेल. दिवसभर जगणारं सगळं सेशनच्या वेगळ्या पूलमध्ये. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर कित्येक वर्षं रिक्वेस्टला पूलच देतो, त्याचा रिक्वेस्ट पूल डिफॉल्टने 4 केबीचा आहे. कोड सगळ्यांसमोर उघडा पडलाय, वाचा की!

तर काही महाभाग पूल करतात आणि तो कनेक्शनला बांधतात. कनेक्शन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू, रीसेट कधीच नाही, पूल फुगतच जातो. वर म्हणतात पूल बेकार! पूल रिक्वेस्टच्या आयुष्याला बांधायचा असतो. शिवाय पूलच्या आत झालेला ओव्हरफ्लो (हद्दीबाहेर लिहिणं) अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाला आपोआप दिसत नाही. डीबग बिल्डमध्ये न वाटलेला भाग पॉइझन करा (म्हणजे 'हात लावायचा नाही' अशी खूण करा), दोन तुकड्यांमध्ये पॉइझन केलेली फट ठेवा, रीसेट झाला की सगळा ब्लॉक पुन्हा पॉइझन करा. दहा-बारा ओळींचं काम आहे. तेवढंही होत नसेल तर निदान ती रिस्टार्टची क्रॉनची ओळ 'फिक्स' म्हणून तिकिटात लिहू नका!