काल्पनिक क्वार्टरबॅकची खरीखुरी कारकीर्द कशी घडवावी

सर्वप्रथम अभिनंदन. ज्याला आईबाप नाहीत, गुडघे नाहीत आणि जो जन्मात कधी गवतावर पाय ठेवणार नाही, अशा एका माणसाच्या, अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या, करिअरची जबाबदारी तुम्ही शिरावर घेतली आहे. तुमच्या स्वतःच्या करिअरचं काय, असं घरातले विचारतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. तिसरा डाउन (चारपैकी तिसरी संधी) आणि बारा यार्ड बाकी म्हणजे काय प्रसंग असतो, हे त्यांना कधीच कळणार नाही.

हे सगळं चालतं सिम लीगमध्ये, म्हणजे संगणकावरच्या खोट्या लीगमध्ये. तिचा कारभार साधा आहे. अमेरिकन फुटबॉलचा एक खेळाडू तुम्ही कागदोपत्री जन्माला घालायचा, मिळालेले गुण त्याच्या ताकदीत, वेगात, अचूकतेत वाटायचे आणि बाजूला व्हायचं. सामना सॉफ्टवेअर खेळतं. तुमच्या हातात ना चेंडू, ना रिमोट. तुम्ही फक्त बघायचं, आणि नखं खायची.

खेळाडू क्वार्टरबॅकच करा. संघाचा जनरल मॅनेजर काकुळतीला येऊन सांगेल की आम्हाला डावा टॅकल हवाय, क्वार्टरबॅकची पाठ राखणारा माणूस नाही, त्या जागी सध्या बॉट, म्हणजे सॉफ्टवेअरने भरलेला बिनमालकाचा खेळाडू, उभा आहे. ऐकून घ्या आणि क्वार्टरबॅक करा. संघात त्याची जागा एकच असते आणि रांगेत दहा जण असतात, हा तपशील गौण आहे. टॅकलने सोळा वेळा अंगावर धडका घेतल्या तरी आकडेवारीत त्याच्या नावापुढे काही उमटत नाही. आपण काय अदृश्य होण्यासाठी खोटा माणूस बनवला का?

आता गुणवाटप. दंडाच्या ताकदीला शंभर द्या. निर्णयशक्तीला जे उरेल ते. साठ यार्ड लांब फेकलेला चेंडू दिसायला सुंदरच दिसतो, मग तो झेलणारा कोणत्या संघाचा आहे याला फार महत्त्व देऊ नये. उंची सहा फूट पाच इंच लिहा. आमच्या लीगमध्ये उंचीचा सॉफ्टवेअरशी काडीचाही संबंध नव्हता, तरी मी ती तीनदा बदलली होती.

ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, रात्रीसाठी दोन्ही भाषणं तयार ठेवा. तुमचं नाव शेवटच्या फेरीत पुकारलं गेलं, तर लगेच खऱ्या मैदानावरचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी काढा: २००० साली सहावी फेरी, १९९ वा क्रमांक, पुढे सात सुपर बोल, म्हणजे सात अजिंक्यपदं. त्याच फेरीत निवडल्या गेलेल्या आणि पुढे कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या बाकीच्या मंडळींचा विषय काढू नका. उलट, तुम्ही पहिल्याच क्रमांकावर गेलात, तर क्रमांकावरूनच माणसाची लायकी कळते असं ठणकावून सांगा. कुणी जमार्कस रसेलचं नाव घेईल. २००७ चा पहिला क्रमांक, २०१० मध्ये संघाने सोडून दिलेला. त्या माणसाशी बोलणं बंद करा.

पहिला हंगाम सुरू झाला की क्वार्टरबॅकच्या फेकीला गुण देणारा पासर रेटिंग नावाचा पाहुणा घरात शिरेल आणि मुक्काम ठोकेल. हे सूत्र एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या व्यावसायिक लीगने, १९७३ पासून चालवलंय. किती टक्के पास पूर्ण झाले, दर प्रयत्नाला किती यार्ड मिळाले, टचडाउनचं (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचण्याचं) प्रमाण किती, इंटरसेप्शनचं (पास शत्रूने झेलण्याचं) किती, अशा चार गोष्टी त्यात असतात. प्रत्येकीला शून्य ते २.३७५ च्या मर्यादेत बसवायचं, बेरीज करायची, सहाने भागायचं, शंभराने गुणायचं. सर्वोत्तम उत्तर येतं १५८.३. शंभर का नाही, असं विचारू नये.

या सूत्रात एक गंमत दडलेली आहे आणि ती मला माझ्या पोराच्या, म्हणजे माझ्या क्वार्टरबॅकच्या, दुसऱ्या सामन्यात कळली. त्याची कामगिरी अशी: ३० पैकी १३ पास पूर्ण, १४० यार्ड, टचडाउन शून्य, इंटरसेप्शन दोन. रेटिंग २९.९. आता समजा, त्याने काहीच केलं नसतं. तीसही वेळा चेंडू हातात आला की समोरच्या जमिनीवर आपटला असता. मग पास पूर्ण शून्य, यार्ड शून्य, टचडाउन शून्य; पण चेंडू शत्रूच्या हाती न गेल्याबद्दल चौथ्या खात्यात पूर्ण गुण. रेटिंग ३९.६! (खऱ्या मैदानावर दडपणाखाली चेंडू असा मुद्दाम फेकून दिला तर पंच दंड करतात. सूत्राला पंच दिसत नाहीत.) म्हणजे माझ्या पोराने जीव तोडून जे केलं, त्यापेक्षा जमीन बडवणं जवळजवळ दहा गुणांनी सरस होतं. हे गणित मी रात्री दीड वाजता मांडलं. तुम्हीही मांडाल. फक्त ते कुणाला दाखवू नका, कारण मॅनेजरला ही कल्पना आवडण्याची शक्यता आहे.

फारच खचलात तर एनएफएलच्या पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचा आधार घ्या. १५ नोव्हेंबर २०१५. कारकिर्दीतल्या एकूण पासिंग यार्डांचा ब्रेट फार्वचा विक्रम त्याने त्या दिवशी मोडला आणि त्याच सामन्यात त्याचं रेटिंग होतं ०.०. चार इंटरसेप्शन दिल्यावर त्याला बाकावर बसवलं. त्याच हंगामात त्याचा संघ सुपर बोलही जिंकला. यातून तुमच्या पोराबद्दल काहीही सिद्ध होत नाही, पण प्रत्येक पराभवानंतर हे सांगायला हरकत नाही.

मुलाखती देत चला, त्याचे सरावगुण (खेळाडूत वाटायचे जादा गुण) मिळतात. प्रश्न तुम्हीच विचारायचा, "अवघड प्रश्न विचारलात" हेही तुम्हीच म्हणायचं आणि मग उत्तरात लॉकर रूममधल्या वातावरणाबद्दल दोन परिच्छेद लिहायचे. लॉकर रूम नाही. वातावरणही नाही. पगाराचा विषय निघाला तर संघाच्या हितासाठी किमान पगार घेतो असं जाहीर करा. न मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडताना जे औदार्य दाटून येतं, ते प्रत्यक्षात क्वचितच अनुभवायला मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: श्रेय आणि दोष यांची वाटणी. जिंकलात तर ते तुमच्या गुणवाटपामुळे, तुमच्या दूरदृष्टीमुळे. हरलात तर ते सॉफ्टवेअरने काढलेल्या रँडम नंबरमुळे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण इथे लागू होत नाही, कारण इथे अंगण खरोखरच फासे टाकून आखलेलं असतं. गंभीर संघ सामन्याआधी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रतीवर तोच सामना शंभरदा चालवून बघतात. आमच्या मॅनेजरनेही अंतिम सामन्याआधी बघितला. ८३ वेळा आम्ही जिंकलो. मग अधिकृत सामना एकदाच झाला, आणि तो उरलेल्या सतरांपैकी निघाला. त्या रात्री सगळ्यांनी मिळून ठरवलं की खरे विजेते आपणच. समोरच्या संघानेही असेच शंभर सामने चालवले असणार आणि त्यांचेही काही आकडे असणार, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. आला असेल तर त्याने तो गिळला.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विजेवर थरथरणारं पत्र्याचं फुटबॉल मैदान विकायला आलं होतं. बटण दाबलं की त्यावरचे चिमुकले खेळाडू थरथरत भलतीकडेच निघायचे आणि पोरं ओरडून त्यांना सूचना द्यायची. हे वाचून मला फार हसू आलं. मग सामना सुरू झाला आणि मी स्क्रीनला सांगू लागलो, "फेकू नको, फेकू नको, धर!"

काही हंगाम असे गेले की उतरण लागते. एनएफएलचा जॉर्ज ब्लँडा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला, पण तुमच्या पोरावर तेवढी कृपा होणार नाही. इथला हंगाम काही आठवड्यांतच उरकतो, आणि ठरावीक हंगामांनंतर नियमानुसार दर वेळी गुण कापले जातात. आधी वेग जातो, मग अचूकता. दंडाची ताकद मात्र शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे चुका लांबवर जातात. निवृत्तीचं भाषण लिहा. त्यात पत्नीचे आभार माना. त्याचं लग्न तुम्ही कधी लावलंच नव्हतं हे भाषण अर्धं लिहून झाल्यावर आठवेल, तरी राहू द्या, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

कारण दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्याचा मुलगा ड्राफ्टला उभा करणार आहात. मॅनेजर पुन्हा येईल. डाव्या टॅकलच्या जागी तोच बॉट उभा असल्याचं सांगेल, या खेपेला तरी विचार करा म्हणेल. त्याला चहापाणी विचारता येत नाही, तेव्हा दोन गोड शब्द बोला. मग फॉर्म उघडा. उंची सहा फूट सहा इंच, बापापेक्षा एक इंच जास्त. दंडाची ताकद शंभर. निर्णयशक्ती काय, अनुभवाने येईल.