खुलासा: मत्स्यटाकीतील वनस्पतींना ‘लिटरमागे एक वॉट’ लागत नाही

वनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीला लिटरमागे एक वॉटचा दिवा हवाच, हा सध्या फिरणारा सल्ला जुन्या फ्लुरोसंट नळ्यांच्या काळातील असून एलईडीला तो लागू पडत नाही. वॉट हे खर्च होणाऱ्या विजेचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. प्रकाश किती ते कळण्यासाठी खोक्यावरील ल्युमेनचा (प्रकाशाच्या मापाचा) आकडा पाहावा. साठ लिटरच्या टाकीत अनुबियास किंवा जावा फर्न यांसारखी कमी प्रकाशात वाढणारी वनस्पती असेल, तर १५ वॉटचा चांगला पांढरा एलईडी पुरतो आणि रोज ८ तास लावल्यास ३० दिवसांत ३.६ युनिट वीज घेतो. ६० वॉटच्या दिव्याला तेवढ्याच वेळात १४.४ युनिट लागतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि खत तेवढ्या प्रमाणात नसेल, तर जादा प्रकाशाने पानांवर आणि काचेवर शेवाळच माजते, जे खरवडण्याचे काम अखेर आपल्याच वाट्याला येते.