आदिमानव आणि गुहा : एक खुलासा

‘आदिमानव गुहेच्या खोल अंधारात कायमचा राहत असे’ असे सांगणारा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत असून, पुरावा म्हणून फ्रान्समधील लास्को गुहेतील चित्रे दाखवली जातात. हे विधान बरोबर नाही. लास्कोच्या आतल्या दालनांत माणसे चरबीवर जळणारे दगडी दिवे घेऊन चित्रे काढण्यासाठी जात. ते त्यांचे घर नव्हते.

माणसांनी मुक्कामासाठी निवडले ते बहुधा गुहेचे तोंड किंवा शैलाश्रय, म्हणजे पुढे झुकलेल्या कड्याखालची उथळ, मोकळी जागा, जिथे पाऊस लागत नाही, धूर कोंडत नाही आणि दिवसभर उजेड असतो. फ्रान्समधल्याच आब्री पातो या शैलाश्रयात सुमारे नऊ मीटर जाडीच्या साचलेल्या माती-दगडांत वस्तीचे चौदा थर सापडले. राख, आचेने तडकलेले दगड, रेनडिअरची हाडे आणि गारगोटीच्या कपच्या तिथे थरावर थर साचलेल्या आहेत. हे थर सलग मुक्कामाचे नाहीत. माणसे शिकारीमागे जात आणि पुन्हा येत.

मुळात गुहेतलीच वस्ती आपल्याला जास्त दिसते, याचे मोठे कारण म्हणजे छताखालचे अवशेष टिकतात आणि उघड्यावरचे पावसापाण्याने नाहीसे होतात. तरीही इस्रायलमधील गॅलिली सरोवराकाठी ओहालो २ या उत्खननस्थळी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या फांद्यांच्या झोपड्या सापडल्या आहेत, कारण त्या पाण्याखाली व गाळात सुरक्षित राहिल्या.