काही महाजनांना नोटीस दिसली, म्हणून मेल निर्दोष?

म्हापशाच्या वाचकांना नमस्कार.

तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, ते आवडलं. तुमची तक्रार अशी: कोऱ्या मेलचं खापर मी नेहमी पाठवणाऱ्यावर फोडतो. तुमच्या देवस्थानाच्या वार्षिक सभेची 'छान डिझाइन केलेली' नोटीस गोव्यातल्या महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांना, नीट दिसली, मुंबईतल्या काहींना विषयाखाली नुसतं पांढरं पान. म्हणजे दोष त्यांच्याकडचा, मराठी फॉन्ट नसेल किंवा नेटवर्क. आणि 'पीडीएफ जोडा' म्हणायचं सोडून मी लोकांना मेलचा सोर्स, म्हणजे पडद्यामागचा मूळ कच्चा मजकूर, बघायला लावतो.

फॉन्टचं आधी मिटवू. फॉन्ट नसला तर चौकोन दिसतात, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत, चुकलं तर प्रश्नचिन्हं किंवा अगम्य रोमन अक्षरं. काहीतरी दिसतंच. नेटवर्कचं म्हणणं काही अंशी खरं; पावसात सत्तरी तालुक्याकडे विषय आधी उतरतो आणि मजकूर मागून येतो. पण येतो. तुमच्या महाजनांकडे तो दुसऱ्या दिवशीही आलेला नाही.

आता 'काहींना दिसली' याकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. मेलमध्ये बहुतेक वेळा एकच मजकूर दोनदा असतो, एकदा साधा, एकदा एचटीएमएलमध्ये, म्हणजे रंग-चित्रांच्या सजावटीसह. एका पाकिटात दोन पत्रं. कुठलं दाखवायचं ते वाचणाऱ्याचा प्रोग्राम ठरवतो. साधा भाग रिकामा गेला आणि समोरच्याचं थंडरबर्ड 'प्लेन टेक्स्ट'वर असलं, तर त्याला कोरं पान. जीमेलवाला मात्र शपथेवर सांगणार, मेल ठीक आहे!

तुमच्या नोटिशीबद्दल माझा संशय वेगळा आहे. 'डिझाइन केलेली' म्हणजे अख्खी नोटीस एक चित्र असणार. चित्र इंटरनेटवरून ओढलं जात असेल, तर जीमेल ते 2013 च्या अखेरपासून आपणहून दाखवतं. कॉम्प्युटरवरचं आउटलुक मात्र परवानगीशिवाय दाखवत नाही, आणि तेही मुद्दाम, कारण चित्र उघडलं की मेल वाचल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं. मुंबईची मंडळी ऑफिसच्या आउटलुकवर वाचतात का, एवढं विचारा. 'डाउनलोड पिक्चर्स' दाबल्यावर नोटीस दिसली, तर शोध संपला.

नाहीच दिसली, तर सोर्स. त्याला पर्याय नाही, कारण मजकूर पोचलाच नाही की पोचूनही दिसत नाही, हे दुसरीकडे कुठे कळतच नाही. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल'. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू. देवनागरी मजकूर तिथे बहुधा अक्षर-आकड्यांच्या लांबलचक गिचमिडीत असतो, तो बघून 'नोटीस गायब' म्हणू नका. गिचमीड आहे म्हणजे काहीतरी पोचलंय. 'टेक्स्ट प्लेन' आणि 'टेक्स्ट एचटीएमएल' या दोन ओळी शोधा आणि त्यांच्याखाली काय आहे ते बघा. दोन्हींखाली काहीच नसेल, तर मेल निघतानाच किंवा वाटेतल्या सर्व्हरवर रिकामा झाला. आणि तो कोरा मेल साधा फॉरवर्ड करून मागवू नका. फॉरवर्ड होताना मेल नव्याने बांधला जातो आणि पुरावाच जातो. फाइल म्हणून डाउनलोड करून जोडायला सांगा.

पीडीएफ जरूर जोडा. पण सभेची तारीख, वेळ आणि जागा मेलमध्ये साध्या अक्षरांत टाइप करा. मोबाइलवर पीडीएफ उघडायचा कंटाळा करणारे महाजन तुमच्याकडेही असतीलच.