डोळे मिटून आठशे मीटर

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात सकाळी शाहू स्टेडियमवर जाणे बंद केले आणि ती त्या वेळी खोलीत डोळे मिटून बसू लागली. चौकशी केली तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. ‘कल्पनाशक्ती हाच खरा सराव’ या मथळ्याचा तो मजकूर साताऱ्यातल्या भरतीच्या आणि धावण्याच्या व्हॉट्सॲप गटांतून एव्हाना बहुतेकांच्या वाचनात आला असेल. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात बास्केटबॉलचा प्रत्यक्ष सराव करणारे २४ टक्क्यांनी सुधारले आणि नुसती कल्पना करणारे २३ टक्क्यांनी. मेंदूला खरे आणि कल्पित यांतला फरक कळत नाही. विचाराने स्नायूंची ताकद ३५ टक्क्यांनी वाढते. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्स रोज रात्री आपला विजय डोळ्यांसमोर आणत असे. ज्ञानेश्वरांनी हाच नियम पसायदानात सांगून ठेवला आहे. म्हणून रोज पंधरा मिनिटे हातातले नियुक्तिपत्र मनात पाहावे, आणि ते मिळाले नाहीच तर आपले चित्र पुसट होते असे समजावे.

शिकागोच्या प्रयोगापासून सुरुवात करतो. प्रयोग करणाऱ्याचे नाव या मजकुराच्या प्रत्येक आवृत्तीत वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते आणि तो कोणत्या नियतकालिकात छापला गेला हे कोणीही सांगत नाही. त्याच्याशी मिळताजुळता आणि ज्याचा छापील पुरावा आहे असा प्रयोग एल. व्ही. क्लार्क यांचा, १९६० सालचा. त्यात शाळकरी मुलांच्या एका गटाने बास्केटबॉलच्या फाउल शॉटचा प्रत्यक्ष सराव केला आणि दुसऱ्या गटाने मनातल्या मनात. खेळात मुरलेल्या मुलांमध्ये दोन्ही गट जवळपास बरोबरीने सुधारले. नवख्या मुलांमध्ये मात्र प्रत्यक्ष सराव करणारे स्पष्टपणे पुढे गेले. ज्या हाताला चेंडूचे वजन ठाऊक आहे त्यालाच तो मनात फेकता येतो, एवढाच याचा अर्थ. फॉरवर्ड करणाऱ्याने नेमकी नवख्यांची गोष्ट गाळली आणि तो मजकूर नवख्यांनाच पाठवला.

एका प्रयोगावर विसंबायचे नसेल तर ड्रिस्केल, कॉपर आणि मोरान यांनी १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’ या नियतकालिकात तोवरच्या अनेक प्रयोगांचा जो एकत्रित आढावा घेतला, तो पाहावा. मानसिक सरावाचा उपयोग होतो, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले आहे, आणि तेवढे मलाही मान्य करावे लागते. परंतु त्याच आढाव्यानुसार हा उपयोग प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी असतो. क्रम लक्षात ठेवणे, निर्णय घेणे अशा बुद्धीच्या कामांत तो अधिक दिसतो आणि निव्वळ ताकदीच्या कामांत कमी. जसजसे दिवस जातात तसतसा तो ओसरतो. आणि बैठक लांबवल्याने वाढत नाही, सुमारे २० मिनिटे पुरेशी होतात. आता महिलांच्या चाचणीत काय असते ते पाहा: ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. यांत बुद्धीचा वाटा किती आणि दमाचा व ताकदीचा किती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्यांच्या छातीत जो दम असतो तो रोजच्या चढाने आलेला असतो.

ताकदीच्या ३५ टक्क्यांचा आकडा मात्र खोटा नाही, आणि अर्धवट खरी गोष्ट खोडणे अधिक जिकिरीचे असते. रंगनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा आठवडे मनातल्या मनात जोर लावणाऱ्यांची ताकद खरोखरच ३५ टक्क्यांनी वाढली होती. फक्त ती करंगळी बाजूला नेण्याची ताकद होती. कोपर वाकवण्याच्या ताकदीत ही वाढ साडेतेरा टक्क्यांवर आली, आणि तीही स्नायू वाढल्यामुळे नव्हे, तर मेंदूकडून स्नायूला जाणारा संदेश अधिक जोरकस झाल्यामुळे, असे संशोधकांचेच म्हणणे आहे. प्लॅस्टरमध्ये हात असलेल्या माणसाला ही बातमी मोलाची आहे. चार किलोचा गोळा करंगळीने फेकत नाहीत.

मेंदूला फरक कळत नाही, या विधानावर फार वेळ घालवत नाही. प्रत्यक्ष हालचाल करताना आणि तिची कल्पना करताना मेंदूचे काही भाग दोन्ही वेळा काम करतात, हे खरे आहे. पण दोन्ही वेळचे काम सारखे नसते, आणि तसे असते तर कल्पनेत धावणारा प्रत्येक जण खुर्चीतून उठून पळाला असता.

खरा अपाय आहे तो नियुक्तिपत्राच्या चित्रात. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या मुलांनी आधी वाचायला हवा होता. काहींना उत्तम गुण मिळाल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगितले आणि काहींना आपण अभ्यास कसा करतो आहोत त्याचे. अभ्यासाचे चित्र पाहणाऱ्यांनी अधिक अभ्यास केला आणि त्यांना गुणही अधिक पडले. निकालाचे चित्र पाहणारे अभ्यासात आणि गुणांत मागे राहिले. जे मिळवायचे आहे ते मिळाल्याचे समाधान आधीच पदरात पडले की पहाटे उठायची निकड उरत नाही. माझ्या घरात हेच घडले, आणि ती मुलगी आळशी नाही.

फेल्प्सचे उदाहरण तर या मजकुराच्या विरुद्ध साक्ष देणारे आहे. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला दिसेनासे झाले. हातांचे फटके मोजत तो भिंतीपर्यंत पोहोचला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत जिंकला. तो मनात जी शर्यत पाहत असे तिच्यात काय बिघडू शकेल हेही असे, आणि भिंत किती फटक्यांवर येते हा हिशेब त्याला गादीवर नव्हे, तलावात कळलेला होता.

आता पसायदान. मराठी शिकवण्यात ज्याचे नोकरीचे सारे आयुष्य गेले, त्याला ‘जो जे वांछील तो ते लाहो’ या शब्दांखाली नियुक्तिपत्राचे छायाचित्र पाहून काय वाटले असेल, ते लिहीत नाही. ओवी अर्धीच तोडली आहे. तिच्या पूर्वार्धात दुरितांचे तिमिर जावो आणि विश्वाने स्वधर्मसूर्य पाहावा असे मागणे आहे, त्याच्या आधी खळांची व्यंकटी सांडो असे आहे, आणि ज्याला मिळावे असे म्हटले आहे तो एकटा उमेदवार नसून सारे प्राणिजात आहे. शिवाय हे मागणे कधी आले? सुमारे नऊ हजार ओव्यांचा वाग्यज्ञ पुरा झाल्यावर, ज्ञानेश्वरीच्या अगदी शेवटी. ते मागणे कष्ट टाळण्याचा मंत्र म्हणून वापरायला धाडस लागते.

कल्पनेच्या सामर्थ्यासाठी ज्ञानेश्वरांचीच साक्ष हवी असेल, तर ती सहाव्या अध्यायात आहे. आपल्या बोलाच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांचे आपापसांत भांडण लागेल, असे ते तिथे म्हणतात. साहित्यातली प्रतिमा अशी सगळ्या इंद्रियांना कामाला लावते, म्हणून ती वाचणाऱ्याच्या अंगात भिनते. क्रीडा मानसशास्त्रात होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत याच्याशी किती जुळते पाहा: कल्पना करताना शरीराची ठेवण खेळातली असावी, जागा खरी असावी, वेळ खऱ्या वेळेइतकाच लागावा, भावनाही तिथल्या असाव्यात. उलट या मजकुरातले ‘यशाचे तेजस्वी चित्र’ घ्या. त्यात रंग नाही, वास नाही, पायाखाली जमीन नाही. एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात असे लिहिले असते तर मी ‘म्हणजे नक्की काय दिसले?’ असा शेरा मारला असता.

राहिले ते अपयशाचे खापर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. तिथे जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही, लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले, आणि त्यांच्या बाजूने बोलायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, असे त्या सामन्यांच्या हकिकतींत सांगितले जाते. या मजकुराच्या न्यायाने खाशाबांचे सुवर्णपदक त्यांचे चित्र पुसट असल्यामुळे हुकले म्हणायचे. भरतीत जागा थोड्या असतात आणि उमेदवार अफाट. त्यांतले बहुतेक परत येणार, हे गणित आहे. त्या मुलांना वर हेही सांगायचे की दोष तुमच्या मनाचा, याला मी क्रूरपणा म्हणतो.

भाचीला मी मैदानावर परत पाठवले आहे. धावून आल्यावर, बूट न काढता, अंगात दम लागलेला असतानाच तिने दहा मिनिटे डोळे मिटावेत याला माझी हरकत नाही. तिने चारशे मीटरच्या ट्रॅकवरची दुसरी फेरी पाहावी, सहाशे मीटरनंतर पोटऱ्या जड होतात ती जागा पाहावी, तिथे हात कसे हलवायचे आणि श्वास कसा सोडायचा ते पाहावे, आणि घड्याळ लावून पाहावे, म्हणजे मनातली फेरी खऱ्या फेरीपेक्षा किती सेकंदांनी लवकर संपते ते तिचे तिला कळेल.